ग्राफच्या एलपीपीचं उत्तर जुळत नाही? खोडरबर उचलायच्या आधी हे तपासा

बारावीची शिकवणी घेणाऱ्याला लिनियर प्रोग्रामिंगच्या धड्यात (एलपीपी, म्हणजे दिलेल्या अटींत राहून नफा जास्तीत जास्त किंवा खर्च कमीत कमी करायची गणितं) एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते: "सर, सगळं बरोबर केलं, तरी उत्तर जुळंना." मी लातुरात गणित शिकवतो. औसा, निलंगा, रेणापूरकडून येणाऱ्या लेकरांच्या वह्यांत हा बिघाड इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता नुसतं चुकीचं उत्तर ऐकलं तरी चूक कुठं झाली असेल त्याचा अंदाज येतो. वैताग एवढाच, की उत्तर चुकलं की बहुतेकांचा हात आधी खोडरबराकडे जातो. सगळा ग्राफ पुसायचा, पुन्हा आखायचा, पंधरा मिनिटं घालवायची. आणि चूक अट लिहितानाच झालेली असेल तर तीच चूक नव्या ग्राफवर जास्त सुबक दिसते.

म्हणून ग्राफ पुसणं हे सगळ्यात शेवटचं काम. त्याच्याआधी करायच्या तपासण्या खाली आहेत, फुकटातल्या आधी, वेळखाऊ नंतर.

लक्षणं

बिघाड साधारण असा दिसतो:

उत्तर पुस्तकापेक्षा मोठं येतं (गणित जास्तीत जास्त नफ्याचं असताना), किंवा बरंच लहान येतं.
रेषा काढल्या, छटा मारल्या, पण फीजिबल रीजन (सगळ्या अटी एकदम पाळणारा भाग) नेमका कुठला ते कळत नाही. सगळा कागद काळा.
रीजन एका बाजूनं उघडाच राहतो.
रीजनचा एक कोपरा (उत्तर कोपऱ्यांवरच शोधायचं, का ते सातव्या तपासणीत) "साधारण दोन आणि अडीच" असा डोळ्यानं वाचलेला असतो आणि उत्तर थोडक्यासाठी हुकतं.
दोन कोपऱ्यांवर उत्तर सारखंच येतं आणि पोरगं घाबरतं.
आणि सगळ्यात फसवं: उत्तर पुस्तकाशी जुळतं, तरी मार्क कापले जातात.

एक नमुन्याचं गणित घेऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. एका बचत गटाचं वाळवणाचं काम धरा. गच्चीवर आठवड्याला वाळवणाच्या १० बाजा भरता येतात. शेवयांची एक खेप एक बाज अडवते, पापडांची खेपही एकच बाज. हाताचं काम शेवयांच्या खेपेला १ तास, पापडांच्या खेपेला २ तास, कारण पापड लाटायचे असतात. गटातल्या बायांकडे हाताच्या कामाला मिळून १६ तास. मशीन शेवयांच्या खेपेला ३ तास चालतं, पापडाचं पीठ तिंबायला १ तास, आणि लाइटचं वेळापत्रक धरून मशीन मिळतं २४ तास. नफा शेवयांच्या खेपेमागं १०० रुपये, पापडांच्या खेपेमागं १५०. आकडे हिशेब सोपा जावा म्हणून घेतलेत, यावर कुणी धंदा टाकू नका.

वर्गात ज्याला आपण एक्स आणि वाय म्हणतो ते इथं क्ष आणि य. क्ष शेवयांच्या खेपा, य पापडांच्या.

क्ष + य ≤ १० (बाजा)
क्ष + २य ≤ १६ (हाताचं काम)
३क्ष + य ≤ २४ (मशीन)
क्ष ≥ ०, य ≥ ०
नफा = १००क्ष + १५०य, जास्तीत जास्त हवा.

बरोबर उत्तर: क्ष = ४, य = ६, नफा १३०० रुपये. याच गणितावर लेकरं १५००, १३६० आणि १२०० अशी तीन चुकीची उत्तरं आणतात. तिन्हींचा उगम वेगळा आहे, ते पुढं येईलच.

पहिली तपासणी: आलेलं उत्तर सगळ्या अटींत घालून बघा

याला ग्राफही लागत नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि तरी कुणी करत नाही.

समजा उत्तर आलं (०, १०), नफा १५००. बाजांची अट: ० + १० = १०, चालतं. मशीन: १०, चालतं. हाताचं काम: ० + २० = २०, आणि आहेत १६ तास. फसलं. म्हणजे हाताच्या कामाची रेषा एकतर काढायची राहिली, नाहीतर तिची बाजू उलटी घेतली. दोष कुठल्या रेषेत आहे ते कळलं, बाकीच्या दोन रेषांना हात लावायची गरज उरली नाही.

दुसरा पोरगा (६.४, ४.८) आणतो, नफा १३६०. हाताचं काम: ६.४ + ९.६ = १६, बरोब्बर. मशीन: १९.२ + ४.८ = २४, तेही बरोब्बर. पण बाजा: ११.२. दहाच आहेत. हा बिंदू दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथला, म्हणून तो कोपऱ्यासारखा दिसतो, पण रीजनच्या बाहेर पडलाय.

ही तपासणी सगळ्यात आधी का, तर ती चूक कुठल्या अटीत आहे ते बोट ठेवून दाखवते. जी अट मोडली, तिच्याच रेषेकडे बघायचं. मात्र एक लक्षात ठेवा. उत्तर सगळ्या अटींत बसलं म्हणजे ते सगळ्यात मोठं आहे असं ठरत नाही. (०, ८) सगळ्या अटींत बसतो, नफा १२०० येतो, आणि तरी चूकच, कारण (४, ६) हा कोपरा यादीतून सुटलेला असतो.

दुसरी तपासणी: काहीच केलं नाही तर?

गटानं आठवडाभर काहीच केलं नाही, शेवया ०, पापड ०, तर कुठली अट मोडते? कुठलीच नाही. बाजा रिकाम्या, मशीन बंद, बाया घरी. म्हणजे (०, ०) हा बिंदू रीजनमध्ये असलाच पाहिजे. सगळ्या अटी "यापेक्षा जास्त नको" अशा असतील आणि उजवीकडे धन आकडे असतील, तर आरंभबिंदू रीजनच्या कोपऱ्यात बसलेला दिसणारच.

आता तुमचा ग्राफ बघा. रीजन वर कुठंतरी एका चिमुकल्या त्रिकोणात अडकलाय, (०, ८), (०, १०) आणि (४, ६) यांच्यामध्ये, आणि आरंभबिंदू त्याच्या बाहेर? मग हाताच्या कामाची बाजू उलटी धरली. १५०० या उत्तराचा दुसरा उगम हाच.

उलट अटी "किमान एवढं तरी हवंच" अशा असतील, तर आरंभबिंदू बाहेर हवा. म्हशीच्या खुराकाचं गणित घ्या: क्ष किलो सरकी पेंड, य किलो दुसरं खाद्य, अटी २क्ष + य ≥ १० आणि क्ष + २य ≥ ८, खर्च ३०क्ष + २०य, तो कमीत कमी हवा. म्हशीला काहीच घातलं नाही तर पोषण होत नाही, म्हणून (०, ०) चालत नाही. इथं कुणी आरंभबिंदूकडची बाजू धरली तर उत्तर ० रुपये खर्च असं येतं. हसू नका, वहीत लिहून येतं तसं.

तिसरी तपासणी: अट मराठीतून गणितात नीट उतरली का

ग्राफ सुबक, कोपरे बरोबर, आणि तरी उत्तर चूक, असं झालं की मी थेट शाब्दिक गणिताकडे वळतो. इथल्या चुका तीन जागी होतात.

पहिली जागा म्हणजे "किमान" आणि "जास्तीत जास्त". किमान ५ म्हणजे ≥ ५. घाईत "कमी" हा आवाज कानात राहतो आणि हात ≤ लिहून मोकळा होतो. "पेक्षा जास्त नसावं" आणि "पेक्षा कमी नसावं" यांनी तर भलेभले फसतात. चिन्ह लिहिल्यावर एक आकडा घालून बघा. किमान ५ म्हटलंय, मग ७ चालायला पाहिजे. तुमच्या अटीत ७ चालतो का?

दुसरी जागा पटीची. "पापडांच्या खेपा शेवयांच्या किमान दुप्पट असाव्यात" ही अट बरीच लेकरं क्ष ≥ २य अशी लिहितात, कारण वाक्यात "शेवयांच्या" आणि "दुप्पट" जवळजवळ येतात. यालाही औषध तेच, आकडा. शेवयांच्या ३ खेपा असतील तर पापडांच्या ६ चालायलाच पाहिजेत. क्ष ≥ २य मध्ये घाला: ३ ≥ १२. मोडलं. बरोबर अट य ≥ २क्ष: ६ ≥ ६. चाललं.

तिसरी जागा एककांची. एका ओळीत तास, दुसऱ्या ओळीत मिनिटं. एका ठिकाणी किलो, दुसरीकडे क्विंटल. शेतीच्या गणितात एकर आणि गुंठे: ४० गुंठ्यांचा एकर. अट लिहिताना डावीकडे मिनिटं आणि उजवीकडे तास राहिले, तर रेषा आरंभबिंदूला चिकटते; उलट झालं तर कागदाच्या बाहेर जाते. रेषा अशी विचित्र जागी पडली की स्केलला दोष देण्याआधी एककं बघा.

आणि क्ष ≥ ०, य ≥ ० लिहायचं विसरू नका. लेकरांना ते शोभेचं वाटतं. उणे चार खेपा शेवया कुणी करत नाही हे गटातल्या मावशीला सांगावं लागत नाही, पण पेपर तपासणाऱ्याला लिहूनच दाखवावं लागतं.

चौथी तपासणी: रेषेचे दोन बिंदू

इथं थोडा वेळ जातो, पण माझ्या मते सगळ्यात लबाड चूक इथंच लपते, म्हणून जरा थांबतो.

३क्ष + य = २४ ही रेषा. य = ० ठेवलं की क्ष = ८, बिंदू (८, ०). क्ष = ० ठेवलं की य = २४, बिंदू (०, २४). हा २४ कागदावर मावत नाही. मग काय होतं? पोरगं ८ आणि २४ हे आकडे बघतं, आडव्या अक्षावर जागा जास्त दिसते, आणि रेषा (२४, ०) आणि (०, ८) मधून ओढून मोकळं होतं. ती रेषा क्ष + ३य = २४ ची झाली. मशीनची अट गेली, तिच्या जागी भलतीच आली.

आता गंमत बघा. या चुकीच्या रेषेनं रीजनचे कोपरे येतात (०, ०), (१०, ०), (४, ६), (०, ८). नफा अनुक्रमे ०, १०००, १३००, १२००. सगळ्यात मोठा १३००, बिंदू (४, ६). उत्तर जुळलं! पोरगं खूश. पेपरात मार्क कापले की तक्रार: "सर, उत्तर तर बरोबर होतं." पण (१०, ०) हा कोपरा खोटा आहे, तिथं मशीन ३० तास चालवावं लागेल, आहेत २४. आणि (८, ०) व (७, ३) हे खरे कोपरे गायबच. याच गणितात नुसते नफ्याचे आकडे उलटे करा, शेवयांना १५० आणि पापडांना १००. खऱ्या रीजनमध्ये उत्तर (७, ३) वर १३५० येतं. चुकीच्या ग्राफवर (१०, ०) ला १५००. तेव्हा मात्र चूक लपत नाही.

तपासायचं कसं? काढलेल्या रेषेवरचे दोन्ही बिंदू मूळ समीकरणात घालायचे. (२४, ०) घातला: ३ × २४ = ७२. २४ यायला हवे होते. संपलं. ग्राफवर तिसराही एक बिंदू डोळ्यानं उचला आणि तोही घाला. तीन जुळले की ती रेषा सोडून द्या, तिच्याकडे परत बघू नका.

कागदात न मावणाऱ्या बिंदूसाठी उपाय सोपा आहे. अक्षावरचाच बिंदू घ्यायचा असा काही कायदा नाही. ३क्ष + य = २४ साठी क्ष = ५ घ्या, य = ९ येतं. (८, ०) आणि (५, ९) जोडा, झाली रेषा. कुणाकुणाला शाळेत "अक्षांवरचे बिंदूच घ्या" असं पाठ करवलेलं असतं, त्यामुळं हे करायला हात धजत नाही.

पाचवी तपासणी: बाजू

छटा मारायची पद्धत वर्गावर्गात वेगळी असते. कुणी हवी ती बाजू रंगवतं, कुणी नको ती. दोन्ही चालतं, पण एकाच ग्राफवर दोन्ही मिसळलं की कुणालाच काही कळत नाही. मी लेकरांना छटा मारूच देत नाही. प्रत्येक रेषेवर हव्या त्या बाजूला दोन छोटे बाण काढायचे, सगळ्या रेषा झाल्या की बाण जिथं एकत्र येतात तेवढाच भाग शेवटी एकदाच हलक्या पेन्सिलीनं रंगवायचा. कागद स्वच्छ राहतो आणि चूक झाली तर एक बाण पुसावा लागतो, अख्खा ग्राफ नाही.

बाजू ठरवायला (०, ०) घालायचा, हे सगळ्यांना येतं. अडतं ते रेषा आरंभबिंदूतूनच जात असेल तेव्हा. वरची य ≥ २क्ष घ्या. (०, ०) घातला तर ० ≥ ०, म्हणजे "हो" आलं, पण तो बिंदू रेषेवरच आहे, त्यानं बाजू कळत नाही. इथं (१, ०) घाला: ० ≥ २, खोटं. म्हणजे (१, ०) ची बाजू नको, दुसरी हवी. चिन्ह ≥ आहे म्हणून "वरची बाजू" असं समजून चालू नका. क्ष − २य ≥ ० मध्ये चिन्ह ≥ आहे आणि हवी ती बाजू खालची आहे.

सहावी तपासणी: कोपरे, खरे आणि खोटे

आपल्या गणितात तीन रेषा आणि दोन अक्ष, मिळून पाच. कुठल्याही दोन घेतल्या की एक छेदनबिंदू, असे इथं एकूण १० बिंदू होतात. त्यांतले रीजनचे कोपरे पाचच: (०, ०), (८, ०), (७, ३), (४, ६), (०, ८). उरलेले पाच खोटे: (१०, ०), (०, १०), (१६, ०), (०, २४) आणि तो मघाचा (६.४, ४.८). जो दोन रेषांचा छेद दिसेल तो यादीत टाकत गेलं, तर निम्मी यादी खोटी निघते, आणि खोट्यांचा नफा खऱ्यांपेक्षा जास्त असू शकतो. "उत्तर पुस्तकापेक्षा मोठं" या लक्षणामागं बहुतेकदा हेच असतं.

म्हणून रीजनच्या कडेनं पेन्सिल फिरवा. आरंभबिंदूपासून निघा, आडव्या अक्षावरून (८, ०), तिथून मशीनच्या रेषेवरून वर (७, ३), तिथं बाजांची रेषा लागते, तिच्यावरून (४, ६), मग हाताच्या कामाची रेषा (०, ८) पर्यंत, आणि उभ्या अक्षावरून परत खाली. पेन्सिल जिथं जिथं वळली तेवढेच कोपरे. एखादी रेषा या फेरीत कुठंच लागली नाही, तर तीही चूक नसते. समजा क्ष ≤ १२ अशी अट दिली असती, तर ती रेषा रीजनला शिवलीच नसती. अशी अट बिनकामाची असते, पण ग्राफवर दाखवायची.

कोपऱ्याचे आकडे मात्र डोळ्यानं वाचू नका. ग्राफ कोपरा कुठल्या दोन रेषांचा आहे ते सांगतो; आकडे समीकरणं सोडवून काढायचे. २क्ष + ३य ≤ १२, ३क्ष + य ≤ ९, आणि ४क्ष + ५य जास्तीत जास्त. कोपरा ग्राफवर (२, २.५) सारखा दिसतो, उत्तर २०.५. समीकरणं सोडवली की क्ष = १५/७, य = १८/७, उत्तर १५०/७, म्हणजे साधारण २१.४३. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या फरकानं उत्तर जवळजवळ एकानं घसरलं.

सातवी तपासणी: पट्टी सरकवून बघा

कोपरे आणि त्यांचे नफे यांच्या तक्त्यातली बेरीज-गुणाकाराची चूक पकडायला हे उत्तम. नफ्याला सोयीचा कुठलाही आकडा द्या, समजा ६००. १००क्ष + १५०य = ६०० ही रेषा (६, ०) आणि (०, ४) मधून जाते. तिच्यावर पट्टी ठेवा आणि दिशा न बदलता, गुण्यांच्या जोडीनं, वर सरकवत न्या. रीजन सोडताना पट्टी ज्या कोपऱ्याला शेवटी शिवते, तिथं नफा सगळ्यात जास्त. इथं ती (४, ६) ला शिवून बाहेर पडते. तक्ता एक कोपरा सांगतोय आणि पट्टी दुसराच, तर तक्त्यात चूक आहे.

कोपऱ्यांवरच उत्तर का सापडतं तेही यातून डोळ्यांना दिसतं. रीजनच्या मधल्या बिंदूवर पट्टी असेल तर ती आणखी वर सरकू शकते, म्हणजे नफा आणखी वाढू शकतो. वाढ थांबते ती कडेला, आणि कडेला तिरपी शिवणारी पट्टी शेवटी कोपऱ्यावरच टेकते.

पट्टी एखाद्या कडेला समांतर असेल तर? मग ती कोपऱ्यावर न टेकता अख्ख्या कडेवर बसते. पापडांचा नफा १५० ऐवजी २०० करा. (४, ६) ला १६००, (०, ८) लाही १६००. मधला (२, ७) घाला, तिथंही १६००. हा बिघाड नाही. उत्तर लिहायचं: या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषाखंडावरचा प्रत्येक बिंदू उत्तर आहे. शेवयांचा नफा १०० च ठेवून पापडांचा १०० ते २०० च्या दरम्यान काहीही असला, तरी (४, ६) हलत नाही. गटाच्या दृष्टीनं कामाची माहिती हीच. बाजारात पापडाचा भाव थोडा हलला म्हणून लगेच सगळं नियोजन बदलायचं कारण नाही.

उघड्या रीजनचंही तसंच. म्हशीच्या खुराकाच्या गणितात रीजन वर आणि उजवीकडे उघडाच असतो. कोपरे (०, १०), (४, २), (८, ०). खर्च २००, १६०, २४०. कमीत कमी १६०, आणि तो मिळतो, कारण पट्टी खाली सरकवत आणली की (४, २) ला अडते. त्याच रीजनवर "जास्तीत जास्त" विचारलं तर उत्तर नाही, पट्टी वर जातच राहते. रीजन उघडा दिसला की "उत्तर नाही" लिहून टाकणं ही सवय मोडा. आधी विचारलंय काय ते बघा.

आणि रीजनच सापडला नाही तर? कधीकधी तो नसतोच. बचत गटाला कुणी शेवयांच्या किमान ९ खेपांची ऑर्डर दिली तर मशीनला २७ तास लागतील. आहेत २४. कितीही सुबक ग्राफ काढा, रीजन मिळणार नाही. तसं लिहायचं आणि पुढं जायचं.

आठवी: आता पुसा

एवढं करूनही जुळलं नाही तरच नवा ग्राफ. स्केल आधी ठरवा. सगळ्या रेषा अक्षांना जिथं छेदतात ते आकडे एका जागी लिहा, त्यातला मोठा बघा, पण त्याच्यासाठी सगळा ग्राफ आकसू नका. वरच्या गणितात २४ मावावा म्हणून स्केल बारीक केलं की खरा रीजन नखाएवढा होतो. टोकदार पेन्सिल, लांब पट्टी, स्केल कोपऱ्यात लिहिलेलं, प्रत्येक रेषेवर तिचं समीकरण. बस.

कुठं थांबायचं

पुस्तकाचं उत्तर आणि तुमचं उत्तर अजूनही वेगळं असेल, तर गणित उतरवताना आकडा चुकला नाही ना ते बघा. मग तुमचा बिंदू सगळ्या अटींत घाला. तो बसत असेल आणि त्याचा नफा पुस्तकातल्या उत्तरापेक्षा जास्त असेल, तर पुस्तकातलं उत्तर चूक आहे. याला आणखी पुराव्याची गरज नाही. छपाईच्या चुका होतात. सरांना किंवा मॅडमना दाखवा आणि पुढच्या गणिताकडे वळा. परीक्षेत तर पहिल्या दोन तपासण्यांनंतर सोडून द्या, वेळ उरला तर परत या.

गणितात तीन चल आले, शेवया, पापड आणि कुरडया, की कागदावरचा ग्राफ संपला. तीन मितींचं चित्र काढायचा हट्ट करू नका. त्यासाठी सिम्प्लेक्स पद्धत आहे, अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डान्ट्झिग यांनी १९४७ मध्ये मांडलेली. ती कोपऱ्याकडून शेजारच्या जास्त चांगल्या कोपऱ्याकडे जाते, सगळे कोपरे मोजत बसत नाही. मोजायचे म्हटलं तर १० चल आणि २० अटींच्या गणितात छेदनबिंदू ३ कोटींच्या वर जाऊ शकतात. एक्सेलमधल्या सॉल्व्हरला असली गणितं देता येतात.

उत्तर पूर्णांकातच हवं असेल तर ग्राफच्या उत्तराला जवळच्या आकड्यावर ढकलू नका. मघाचं (१५/७, १८/७) घ्या. जवळचा (२, ३) अटच मोडतो: ४ + ९ = १३, मर्यादा १२. खाली ढकलून (२, २) घेतला तर १८ मिळतात. आणि खरं पूर्णांकातलं उत्तर आहे (०, ४), त्याचे २०. ते त्या कोपऱ्याच्या जवळपासही नाही. छोट्या गणितात रीजनमधले पूर्णांक बिंदू मोजून काढा, मोठ्यात ज्याला इंटिजर प्रोग्रामिंग येतं त्याच्याकडे जा.

खरे पैसे गुंतलेले असतील तिथं तर आणखी आधी थांबा. पिकांचं क्षेत्र ठरवायचं असेल तर उत्पादनाचे आणि खर्चाचे आकडे अंदाजानं घालून ग्राफ काढण्यात अर्थ नाही. आकडे चूक तर उत्तर चूक, कितीही तपासा. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात विचारा. आणि म्हशीच्या खुराकाचं गणित वहीतच ठेवा. प्रत्यक्षात पेंड कमी-जास्त करायची असेल तर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा, कारण दोन अटींच्या ग्राफला जनावराचं पोट कळत नाही. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथंही माहिती मिळते.